कोण आलें, कोण गेलें

डोंबिवलीस बिऱ्हाड केल्यापासून आम्हांस दोन संवयी जडल्या आहेत. गाडी येण्यापूर्वीं फलाटाच्या कडेशीं सरकावयाचें, ही एक. आणि पहाटे अंथरुणांत पडल्या पडल्या नळाची चाहूल घ्यावयाची, ही दुसरी. आमच्या इमारतीच्या पोटांत एक टांकी आहे व डोक्यावर दुसरी. नळाचें पाणी खालच्या टांकींत पडतें. तेथून तें पंपानें वर चढवावें लागतें. हें काम करणारा गडी गांवीं निघून गेला, तेव्हां इमारतीच्या सभेंत आम्ही, कोणी विचारलें नसतां, सांगून बसलों कीं, एवढें काम यंत्राकडून होईल.

लॅमिंग्टन रस्त्यावर जाऊन आम्हीं पत्त्यांच्या जोडाएवढा एक रास्पबेरी पाय संगणक आणला आणि यूएसबीचे दोन स्वस्त कन्व्हर्टर घेतले. एक वरच्या टांकीची पातळी सांगणाऱ्या उपकरणास जोडला, दुसरा पंपाच्या रिलेस. अकरा दिवस सर्व सुरळीत चाललें. शेजारी आम्हांस जिन्यांत थांबवून शाबासकी देऊं लागले, आणि ती आम्हीं घेतलीहि.

बाराव्या रात्रीं पंप सुरू झाला तो थांबलाच नाहीं. गच्चीवरून पाणी पन्हळींत आणि पन्हळींतून गटारांत वाहत राहिलें. पहाटे पंपाचा कोरडा घरघराट ऐकून आम्ही धांवलों, तों खालच्या टांकीचा तळ दिसत होता. त्यांतून त्या दिवशीं नळ बंद राहणार असल्याची सूचना आधींच फळ्यावर लागलेली. वरची टांकी संध्याकाळींच आटली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांचे यजमान कित्येक महिने अंथरुणास खिळलेले आहेत, खालीं आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, ह्यांचें अंग पुसायचें राहिलंय. एक बादली मिळेल का कुठें?" त्या रागावल्या असत्या तर आम्हांस बरें वाटलें असतें. शेजारच्या इमारतींतून दोन बादल्या आम्हीं स्वतः वाहून नेल्या.

मग चौकशीस बसलों. यूएसबीच्या तोंडांत चार पट्ट्या असतात; कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन निरोपाच्या. विजेच्या पट्ट्या मुद्दाम किंचित् लांब ठेवलेल्या असतात, म्हणजे खोंचतांना वीज आधीं पोहोंचते आणि निरोप मागाहून. पाहुण्यास आधीं गूळपाणी, मग नांवगांव, असा हा शिष्टाचार आहे! इ. स. १९९६ मध्यें ही पद्धति जगापुढें आली; ती घडविणाऱ्यांपैकीं अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी, हें वाचून आम्हांस उगाच घरचें कोणी भेटल्यासारखें झालें. निरोपाच्या दोन्ही तारा संगणकाच्या बाजूनें खालीं ओढून धरलेल्या असतात. आमच्या कन्व्हर्टरसारखें उपकरण आलें कीं, तें दीड हजार ओहमच्या रोधानें त्यांतली एक तार वर उचलतें. तार उचलली म्हणजे कोणी आलें; ती खालीं पडली म्हणजे गेलें. हात हलला असेल म्हणून संगणक सेकंदाचा दहावा भाग धीर धरतो आणि मग पाहुण्यास नांवगांव विचारतो. कारखान्याचा व वस्तूचा असे दोन क्रमांक उत्तरादाखल मिळतात, आणि पाहुण्यास १ ते १२७ यांमधला एक पत्ता दिला जातो.

येथवर कोणाची चूक नव्हती. चूक होती नांवांत. लिनक्समध्यें पूर्वीं येऊं शकतील अशा सर्व उपकरणांचीं हजारों नांवें आधींच मांडून ठेवीत. इ. स. २००३ मध्यें यूडेव्ह निघालें, आणि जो येईल त्याच्याच नांवाची पाटी लावावी, जाईल त्याची काढावी, अशी रीत पडली. लहान संगणकास तेवढा पसारा पेलत नाहीं, म्हणून बिझीबॉक्समधलें एमडेव्ह तेंच काम थोडक्यांत करतें. आम्हीं तेंच ठेवलें होतें. आमच्या दोन कन्व्हर्टरांस येण्याच्या क्रमानें शून्य आणि एक अशीं नांवें मिळालीं होतीं. त्या रात्रीं पंपाची मोटार सुरू होतांना विजेचा जो हिसका बसला, त्यानें पातळीचा कन्व्हर्टर क्षणभर गळाला आणि लगेच परतला. दोन्ही गोष्टी संगणकानें आपल्या रोजनिशींत वेळेसह टिपून ठेवल्या होत्या. परंतु आमच्या प्रोग्रॅमनें शून्य हें नांव हातांतून सोडलेंच नव्हतें. तें मोकळें नाहीं म्हणून परत आलेल्यास 'दोन' नांव मिळालें. प्रोग्रॅम मात्र 'टांकी अर्धी आहे' हें शेवटचें वाक्य खरें धरून पंप चालवीत राहिला. गेलेल्या माणसाच्या जुन्या पत्रावर संसार चालवावा, तसें झालें. प्रोग्रॅम आम्हींच लिहिला होता.

उपाय वाटला तितका सोपा नव्हता. चांगल्या उपकरणांत प्रत्येकाचा वेगळा अनुक्रमांक असतो. आमच्या दोघांत तो नव्हता, आणि बाकीचे क्रमांक तर हुबेहूब सारखे. आमच्या इमारतींत दोन कुलकर्णी आहेत आणि दोघांचीं आद्याक्षरेंहि तींच. पोस्टमन मजला पाहून पत्र टाकतो. आम्हींहि तोच मार्ग धरला. कोणत्या भोंकांत खोंचलें आहे तें पाहून 'टांकी' किंवा 'पंप' नांव द्यावें, असा नियम लिहिला आणि भोंकांशेजारीं कागदाच्या चिठ्ठ्या चिकटविल्या. टांकीवाला गेल्याची वर्दी येतांच पंप बंद करून जुनें नांव सोडावें, आल्याची वर्दी येतांच नव्यानें धरावें, आणि मिनिटभर पातळी कळली नाहीं तर वर्दीची वाटहि न पाहतां पंप थांबवावा, हेंहि घातलें. वीज जाऊन आल्यावर आणखी एक घोटाळा संभवतो: एमडेव्ह कामास लागण्यापूर्वींच उपकरणांच्या आगमनाच्या घोषणा होऊन गेलेल्या असतात. म्हणून आरंभीं एकदां सर्वांची हजेरी घ्यावी लागते. ठाण्यास वागळे इस्टेटींत पंपांचींच कामें करणाऱ्या एका स्नेह्यानें हें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण रिलेवर स्नबर बसवला होता का?" हिसका मुळांतच मारणारी ही वस्तु थोड्या पैशांत मिळते. ती बसविली.

परीक्षा भर दुपारीं घेतली. पंप चालू असतांना आम्हीं टांकीचा कन्व्हर्टर उपटला. पंप थांबला. पुन्हा खोंचला, थोड्या वेळानें पंप घरघरूं लागला. जिन्याच्या कठड्याशीं उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "परत एकदां काढून दाखवा बघूं." आम्हीं चार वेळां काढून दाखविला.

तेव्हांपासून पाणी वायां गेलें नाहीं. आजी मात्र निजण्यापूर्वीं एक बादली भरून यजमानांच्या खाटेखालीं सारतात. आम्हीहि आमच्या मोरींत एक ठेवतों.