आतल्या खोलीचे तिकीट

काटकसरी माणसाला सुखाचा उपभोग घेता येत नाही, अशी जगाची एक समजूत आहे. मला ती मुळीच पटत नाही. उधळ्या माणूस सुख विकत घेतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. काटकसरी माणूस ते आधी कागदावर मांडतो, त्याची बेरीज-वजाबाकी करतो, चार महिने त्याची वाट पाहतो आणि मग ते भोगतो. म्हणजे एकाच पैशात तो तेच सुख दोनदा घेतो. आमच्या डोंबिवलीत अशा माणसांची वाण नाही. लोकलच्या पासापासून कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत सर्वांचा हिशेब ठेवणाऱ्या या गावात, आम्ही गेल्या हिवाळ्यात आगबोटीने गोव्यापर्यंत जलपर्यटन करून आलो, ही वार्ता आमच्या इमारतीत बरेच दिवस चर्चेचा विषय होऊन राहिली.

या साहसाचे मूळ आमच्या मातोश्री. त्यांना आता ब्याऐंशीवे वर्ष चालू आहे. १९६२ साली लग्न होऊन त्या हर्णैहून मुंबईस आल्या, त्या आगबोटीने. त्या काळी किनाऱ्यावरच्या माणसाला मुंबईचा रस्ता म्हणजे समुद्रच. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे मातोश्री आजही, आपण लोकलची स्टेशने म्हणतो, त्या सहजतेने ओळीने म्हणतात. पुढे रस्ते सुधारले, मोटारी वाढल्या, बोटींची ती नियमित वाहतूक बंद पडली, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाल्यावर तिची आठवणही मागे पडली. “एकदा पाण्यावरून आपला किनारा पाहायचा आहे,” असे मातोश्री अधूनमधून म्हणत. वृद्धांच्या अशा इच्छांना आपण ‘बघू’ म्हणतो. पण हा ‘बघू’ फार दिवस वापरता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते.

शेजारच्या काकांना ही कल्पना विलक्षण वाटली. “आपण रुळांवरची माणसे. समुद्राशी आपला संबंध काय?” ते म्हणाले. वस्तुतः संबंध फार जुना आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि मराठी आरमाराच्या उभारणीचा आरंभ याच खाडीशी निगडित आहे. परंतु १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी आली, दुसऱ्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली, आणि तेव्हापासून आमच्या गावांनी पाण्याकडे जी पाठ फिरवली, ती आजतागायत तशीच आहे. ठाण्याची खाडी आम्ही रोज ओलांडतो. पण त्या वेळी आमचे डोळे घड्याळाकडे असतात.

मग हिशेब सुरू झाला. जलपर्यटनाच्या भाड्याचे शास्त्र हॉटेलाहून निराळे आहे. भाडे खोलीवर नसून माणशी असते. एकाच खोलीत तिसरा आणि चौथा उतारू असेल, तर पहिल्या दोघांहून त्यांचे भाडे कमी पडते. जेवणखाण त्यातच येते. बंदराचे शुल्क आणि सरकारी कर मात्र वर द्यावे लागतात. सुट्टीचे दिवस टाळले तर आणखी बचत होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सज्जाची खोली महाग, खिडकीची त्याहून स्वस्त, आणि बोटीच्या पोटातली, खिडकी नसलेली खोली सर्वांत स्वस्त. सौभाग्यवतींनी क्षणाचाही विलंब न लावता शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. बाहेरचे खाद्यपदार्थ बोटीवर नेता येत नाहीत, हा नियम वाचून मात्र त्यांचा चेहरा उतरला. दशम्या-चटणीवाचून प्रवास होऊ शकतो, हे त्यांना अखेरपर्यंत मान्य झाले नाही.

एक गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही, पण ती मातोश्रींच्या मनात असावी. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळच काश्याच्या खडकापाशी बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरच्या अनेक घरांत ती तारीख पुढे कित्येक वर्षे हलक्या आवाजात उच्चारली जाई. मातोश्रींनी जिना चढण्यापूर्वी समुद्राला हात जोडले, ते केवळ सवयीने नसावेत.

खोली पाहून चिरंजीव हिरमुसले. चार बिछाने, एक आरसा आणि खिडकीच्या जागी भिंत! दिवा मालवला की भर दुपारी मध्यरात्र. दहा मिनिटांतच आम्ही सर्व तेथून पळ काढून वर डेकवर आलो, आणि झोपेचे काही तास सोडले तर मुंबईस परत येईपर्यंत तेथेच राहिलो. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, जुन्या बोटीवर मातोश्री ज्या वर्गाने आल्या, तोही डेकचाच वर्ग. उतारू वळकटी पसरून जागा धरीत, शेजाऱ्याशी डबा वाटून घेत आणि उघड्या आभाळाखाली रात्र काढीत. सज्जाच्या खोल्यांतील मंडळी आपापला समुद्र आपापल्या खुर्चीतून पाहत होती. आम्हांला घरचा समुद्र नव्हता, म्हणून सबंध समुद्र मिळाला. शिवाय नाशिकचे एक जोडपे आणि सोलापूरचे एक निवृत्त मास्तर हेही मिळाले. स्वस्त तिकीट माणसाला चारचौघांत आणून बसवते. अडचण म्हणा की लाभ म्हणा, दोन्ही त्यातच आहे.

रात्री अकराच्या सुमारास खालून संगीताचा गलका येत होता. मुले तिकडे गेली होती. डावीकडे, फार दूर, काळोखात एक दिवा लुकलुकत होता. मावळे, पुन्हा उजळे. मातोश्री शाल सावरून उठल्या आणि कठड्याशी गेल्या.

“हर्णै,” त्या म्हणाल्या. “कनकदुर्गाचा दिवा.”

तो कनकदुर्गाचाच होता की दुसरा कोणता, हे सांगणारा तेथे कोणी नव्हता. मीही विचारले नाही.

“इथे बोट उभी राहायची. मग पडाव यायचा. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी दंडाला धरून खाली घ्यायचा. माझी ट्रंक त्या वेळी भिजली होती.”

“आता थांबत नाही, आई.”

“मग सामान आवरायला नको,” असे म्हणून त्या पुन्हा खुर्चीत बसल्या, आणि तो दिवा मागे पडून दिसेनासा होईपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत.

पूर्वीची बोट कुणाला तरी कुठे तरी पोहोचवण्यासाठी निघे. सुख वाटेत मिळालेच तर वरकड. आताची बोट निघते ती परत येण्यासाठीच, आणि सुख हेच तिचे बंदर. यात वाईट काही नाही. गोव्यात आम्ही काही तास हिंडलो, मुलांनी मनसोक्त मौज केली, आणि सौभाग्यवतींनी परतीच्या रात्री कबूल केले की, दशम्यांवाचूनही पोट भरते.

घरी आल्यावर हा खर्च वहीत कोणत्या सदराखाली लिहावा, यावर वाद झाला. मी ‘करमणूक’ म्हणालो. मातोश्रींना ते रुचले नाही. “बोटीने गेलो ना? मग तो प्रवासच,” त्या म्हणाल्या. सौभाग्यवतींनी ‘प्रवास’ असेच लिहिले. हर्णैला उतरायचे तेवढे राहून गेले आहे. ते येत्या मे महिन्यात एस.टी.ने पुरे करावे असा बेत असून, त्याचा हिशेब सध्या कागदावर चालू आहे.