मुकुटाखालची दोन अक्षरे

कुकडी नदीवरील येडगाव धरणाच्या काठी आमच्या एका स्नेह्याची बागायत आहे. ते निवृत्त शिक्षक. गाव त्यांना अण्णा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हांस मुद्दाम बोलावून घेतले. जेवणानंतर त्यांनी कपाटातून एक कातडी म्यान काढले, आतील रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची दोनदा खात्री केली आणि ते आमच्यापुढे ठेवले.

"फादर, हे रँडच्या सालातले. आजोबांनी याच्या धाकाने दरोडेखोर पळवून लावले होते. आता मुलांना परवान्याची यातायात नको आहे. पण शंभरी उलटलेली वस्तू म्हणजे पुराणवस्तूच ना? मग परवान्याविना घरात ठेवता येईल?"

धर्मगुरूस शस्त्रांचे वेड कसे, असा प्रश्न वाचकांना पडेल. सेमिनरीत असताना पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात शस्त्रांपुढे आम्ही तासन् तास रेंगाळत असू. पुढे बाप्तिस्म्याच्या जीर्ण नोंदवह्या हाताळताना शाई, अक्षर आणि शिक्का यांवरून काळ ओळखण्याची सवय जडली. लोखंडाचीही एक नोंदवही असते, ती वाचावी लागते, एवढेच.

ते .३२ मापाचे, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर गोळीचे, सहाबारी रिव्हॉल्व्हर होते. लष्कराची मापे सामान्य नागरिकास सहसा मिळत नाहीत. म्हणून आपल्याकडे परवान्यावर हेच माप अधिक दिसते. मागची कळ दाबताच नळी बिजागरीवर पुढे झुकली आणि चक्रीच्या मधोमध एक पोलादी चांदणी अलगद वर आली. झाडलेल्या सहाही पुंगळ्या एकदम बाहेर टाकण्याची ही योजना. ती पाहून आमचे मन लहान मुलासारखे हरखले, हे कबूल केले पाहिजे.

मग भिंगाखाली अक्षरे पाहिली. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचे १८९७ मध्ये स्कॉट यांच्याशी एकीकरण झाले, तेव्हा नाव लांबलचक होते. 'वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड' हे आटोपशीर नाव १९०६ मध्ये आले. येथे तेच होते. नळीजवळ मुकुट आणि त्याखाली 'एनपी' ही दोन अक्षरे होती. धूरविरहित दारूने चाचणी घेतल्याचा हा ठसा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात १९०४ पासून मारीत.

"अण्णा, रँडवर गोळी झाडली गेली २२ जून १८९७ रोजी. हे तेव्हा जन्मलेही नव्हते," आम्ही विजयी स्वरात म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला, तेव्हा कुठे आम्हांला भान आले. पोथीतला पाठ सुधारावा तसा आम्ही एका घराचा अभिमान खोडून टाकला होता. वर कायद्याचेही सांगणे भाग होते: १९५९ च्या शस्त्र अधिनियमात वयाची सवलत नाही. जे शस्त्र दुरुस्तीनेही चालू शकणार नाही, अशाच जुन्या शस्त्रास सूट आहे. हे तर उत्तम चालत होते.

अण्णा काही बोलले नाहीत. मग त्यांनी आजोबांची जुनी परवानापुस्तिका आणली. खरेदीच्या पानावर एकच नोंद होती: काडतुसे पंचवीस. आम्ही चक्रीचे तोंड पुन्हा पाहिले. बार उडाले की तेथे प्रत्येक घराभोवती करपल्याची कडी उमटते. येथे पोलाद स्वच्छ होते. झिजले होते ते केवळ म्यानात घासून.

"म्हणजे आजोबांनी हे झाडलेच नाही?"

"फारसे नाहीच. बाजारची रोकड घेऊन रात्री परतताना कमरेला असेल, इतकेच."

ते बराच वेळ जलाशयाकडे पाहत राहिले. "दरोडेखोरांची गोष्ट वडील सांगत," ते म्हणाले, "आजोबा स्वतः कधी बोलले नाहीत. आज कळले का ते."

पुढील महिन्यात त्यांनी ते शस्त्र रीतसर जमा केले. बरोबर आम्हीही गेलो होतो. हातावेगळे करण्यापूर्वी त्यांनी एकदा ती कळ दाबली, चांदणी वर येताना पाहिली आणि नळी मिटवली. म्यान मात्र घरी आहे. आता त्यात आजोबांची परवानापुस्तिका असते, आणि नातवंडांना अण्णा एका नोंदीची गोष्ट सांगतात.