१४८ आयांचं देणं

डॉ. मृदुला फडके यांना मी कधी भेटले नाही. तरी पुण्यातल्या बुधवार पेठेच्या वेश्यावस्तीत आरोग्य कार्यकर्ती म्हणून जे काही काम हातून झालं, त्यात ज्यांचं देणं मी मानते, त्यांत त्यांचं नाव पहिलं आहे.

तिथल्या दाणे आळीतल्या बायका गरोदरपणी ससून रुग्णालयात जात. तिथे रक्त तपासलं जाई आणि काहींच्या हाती एचआयव्हीचा अहवाल येई. बाळंत झाल्यावर त्यांचा एकच प्रश्न असे, “ताई, अंगावर पाजू का वरचं देऊ?” आईच्या दुधातून विषाणू बाळाकडे जाऊ शकतो, हे खरंच होतं. पण वरचं दूध म्हणजे काय, तेही मी रोज बघत होते. पार्टिशनची खोली, एकच बाटली, ठरावीक वेळी येणारं पाणी आणि दूध पुरावं म्हणून त्यात घातलेलं निम्मं पाणी. रात्री बाळ सांभाळणारीकडे. बाटली उकळली की नाही, ते तिलाच ठाऊक. पावडरचं दूध द्या, हा श्रीमंत देशांतला सल्ला स्वच्छ पाणी, इंधन आणि पैसा घरात आहे असं धरून दिलेला होता. इथे यांतलं काहीच नव्हतं. त्या बाईला काय सांगावं, हे मला सुचत नसे.

उत्तर पुण्यातूनच आलं. बी. जे. मेडिकलमधल्या बालरोगतज्ज्ञ आणि पुढे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या डॉ. फडके व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १४८ एचआयव्हीबाधित आया आणि त्यांची बाळं होती. ६२ बाळं अंगावर पिणारी, ८६ वरच्या दुधावरची. पहिल्या सहा महिन्यांत २१ बाळांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, आणि ती सगळीच्या सगळी वरच्या दुधावरची होती. जवळजवळ निम्म्या वेळा कारण होतं जुलाब-उलट्या. बाकीची न्यूमोनिया, रक्तातला जंतुसंसर्ग, कावीळ अशी. काय पाजायचं ते आयांनी स्वतः ठरवलं होतं, त्यामुळे या आकड्यांवरून सगळं सिद्ध होत नाही. पण जे आम्ही खोल्यांत बघत होतो, ते पहिल्यांदा कोणीतरी नीट मोजून ठेवलं होतं.

आमच्या संस्थेतल्या डॉक्टरीणबाईंनी त्या अभ्यासातला तक्ता मराठीत समजावून सांगितला. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचं १९९९ चं संशोधनही त्यांनीच सांगितलं: अंगावरचं आणि वरचं दोन्ही दिलं, तर नुसतं अंगावर पाजण्यापेक्षा लागणीचा धोका जास्त. मग मी बायकांना दोन्हीकडचे धोके उघड सांगू लागले. कर्नाटकातून आलेल्या एकीने सगळं ऐकून घेतलं आणि कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीला सांगितलं, “सहा महिने फक्त माझंच दूध. मध-पाणी चाटवायला कोणी येऊ नका.” तिचं तिने ठरवलं, तिच्या हाती माहिती होती.

पुढचं पाऊलही पुण्यात पडलं. इथिओपिया, युगांडा आणि पुणे इथे अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे रोज नेव्हिरॅपिन हे एचआयव्हीविरोधी औषध देऊन पाहिलं. २००८ मध्ये निष्कर्ष आला: त्याचा एकच डोस मिळालेल्या बाळांत सहाव्या आठवड्याला लागण ५.३ टक्के, रोज औषध घेतलेल्यांत २.५ टक्के. सहाव्या महिन्यापर्यंत मात्र हा फरक बराच ओसरला. म्हणजे पाजणं चालू आहे तोवर औषधही चालू हवं. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तेच सांगितलं, आणि २०१५ मध्ये प्रत्येक बाधित गरोदर बाईला आयुष्यभर उपचार देण्याची शिफारस केली. आता गोळ्या न चुकता घेणारी आई पूर्वीपेक्षा खूपच कमी धोका पत्करून बाळाला पदराखाली घेते.

शोधनिबंधावर डॉक्टरांची नावं आहेत, ती असायलाच हवीत. आयांची नावं नाहीत, आणि त्यांच्या भल्यासाठी ती नसणंच योग्य. पण आजारी लेकराला कडेवर घेऊन त्या पुन्हा पुन्हा ससूनची पायरी चढल्या, विचारलेलं सांगत राहिल्या, म्हणून पुढच्या आईला उत्तर मिळालं. नवी कार्यकर्ती आली की तिला मी आधी हा अभ्यास वाचायला लावते. पाजू का नको, असं कोणी विचारलं तर अर्धवट उत्तर देऊन उठायचं नाही, हे तिला बजावते. हे देणं मला असंच फेडता येतं.