एकेरी तिकीट आणि पास

उन्हाळ्यात जव्हार-विक्रमगडच्या उतारांवर धुराच्या रेघा दिसू लागल्या की समजावं, राब भाजायला घेतलेत. खाली शेण, त्यावर ऐनाच्या डहाळ्या आणि पालापाचोळा, मग गवत, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. आग वाऱ्याच्या उलट दिशेने लावायची, म्हणजे भडका न उडता राब सावकाश भाजत जातो. मिरगाचा पाऊस पडला की त्याच राखेत भाताची रोपं तरारतात आणि मग आवणीची घाई सुरू होते.

या आगीपाशी निसर्गाचे दोन हिशेब वेगळे होतात. पानांनी महिनोन्महिने साठवलेलं ऊन थोड्या वेळात उष्णता होऊन आभाळात जातं, ते पुन्हा कुठल्याच पानाच्या हाती लागत नाही. स्फुरद आणि पालाश मात्र राखेत राहतात. तिथून रोपात, पेंढ्यात, गुराच्या पोटात आणि शेणातून परत राबावर. नत्र धुराबरोबर उडतं खरं, पण जिवाणू आणि पावसातल्या विजा त्यालाही जमिनीत ओढून आणतात. डहाणू लोकलच्या भाषेत सांगायचं तर ऊर्जा एकेरी तिकिटावर येते नि उतरून जाते. पदार्थ पासधारक, रोज त्याच गाडीला.

सातपाटीच्या किनाऱ्यावर वलांडीवर टांगलेले बोंबील पाहा, जबड्यात जबडा अडकवलेले, जोडीजोडीने. त्यांच्या अंगात आलेलं बळही उन्हाचंच, फक्त बऱ्याच हातांतून गळत आलेलं. समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ ऊन पकडतं, ते जवळा खातो, जवळ्याला बोंबील, बोंबलाला घोळीसारखा मोठा मासा. रेमंड लिंडमन या अमेरिकी संशोधकाने एका तळ्याचा असाच जमाखर्च मांडला. १९४२ साली तो छापून आला तेव्हा लिंडमन हयात नव्हता. त्याच्या कामातून रुळलेला ढोबळ नियम असा: दर पायरीला दहावा हिस्साच वर चढतो, बाकीचा जगण्याच्या धडपडीत उष्णता होऊन जातो. हजार किलो शेवाळामागे शंभर किलो जवळा, दहा किलो बोंबील आणि एक किलो घोळ. मोठा मासा महाग का, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पण याच शिडीवर उलटा प्रकारही घडतो. पाऱ्यासारखा धातू शरीरातून सहज बाहेर पडत नाही. शंभर जवळ्यांतला पारा एका बोंबलात जमतो, अनेक बोंबलांतला एका घोळीत. वर चढताना ऊर्जा आटत जाते आणि विष दाटत जातं. जपानच्या मिनामाता शहरात १९५६ मध्ये एक आजार उघड झाला, त्याचं मूळ पुढे यातच सापडलं. कारखान्याने खाडीत सोडलेला पारा मासळीतून माणसांच्या मेंदूत पोचला होता.

तारापूरला हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी चालतात. १९६९ पासून इथल्या अणुवीज केंद्रात समुद्राचं पाणी आत जातं आणि कोमट होऊन परत येतं, कारण निर्माण झालेल्या उष्णतेपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचीच वीज होते. त्या कोमट पाण्याची झळ किनाऱ्याजवळच्या जीवांना लागते, तरी ते पाणी पसरतं आणि निवतं. वापरलेलं इंधन मात्र कुठे जात नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत बसावं लागतं. पलीकडे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीचं रासायनिक सांडपाणी नळाने नवापूरच्या समुद्रात जातं. त्याच्या प्रदूषणाविरुद्ध किनाऱ्यावरच्या मच्छीमार मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. जाळ्यात काय येतं हे ज्यांना रोज दिसतं, त्यांनीच आधी ओरडावं हे स्वाभाविक होतं.

सांडपाणी ‘समुद्रात सोडलं’ असं आपण सहज म्हणतो. उष्णतेच्या बाबतीत ते एक वेळ चालेल. पदार्थाला मात्र पृथ्वीबाहेर जायला वाट नाही. आज नळातून गेलेलं उद्या बाजारातल्या पाटीत येतं. म्हणून नळाच्या तोंडाशी काय आहे, हे विचारण्याचा पहिला हक्क मासळी खाणाऱ्या प्रत्येकाचा आहे. तो बजावा.