घट

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधील मिंट स्ट्रीटला तमिळमध्ये ‘तंगसालै’ म्हणतात. कंपनी सरकारच्या टांकसाळीची आठवण दोन्ही नावांत आहे. टांकसाळ केव्हाच बंद झाली. सोने मात्र त्या परिसरातून हलले नाही. तिथल्याच एका अरुंद गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत, सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातून आलेल्या एका गलाईवाल्याची भट्टी होती. दुष्काळाने त्या भागातील असंख्य कुटुंबे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या या धंद्यात घातली आणि देशभरच्या सराफबाजारांत पांगवली. हे कुटुंब त्यांपैकीच एक. गावाकडे घर होते. ते वर्षातून एकदा, यात्रेला उघडे.

मुलगा सोळा वर्षांचा झाला ते साल २००६. मूस, तेजाब आणि सवागी यांच्यापेक्षा त्याचे मन कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये अधिक रमे. तेथे तासाच्या दराने जगभरच्या अनोळखी माणसांबरोबर खेळता येई. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे, त्या सोंगाने एका सामाईक जगात वावरायचे, लढायचे, कमवायचे. अशा खेळांचा उगम १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. रॉय ट्रुबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी केवळ शब्दांनी उभारलेले ते जग होते; चित्र एकही नव्हते. पुढे १९९६ साली बार्टल यांनी खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: मिळवणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि मारणारे. पाचवा एक प्रकार प्रत्येक चाहत्याच्या मनात दडलेला असतो. त्याला खेळापेक्षा खेळाचे जगच नव्याने मांडावेसे वाटते. हा मुलगा त्या जातीचा होता. दोनशे पानी वहीत तो आपला खेळ लिहू लागला.

जवळच्या तंबु चेट्टी रस्त्यावर काळिकांबाळचे मंदिर आहे. १६७७च्या ऑक्टोबरात, दक्षिणेच्या स्वारीत, शिवाजी महाराज तेथे दर्शनाला येऊन गेले अशी परंपरा आहे. वहीचे पहिले पान तेथूनच सुरू झाले. परंतु पहिल्याच पानावर तो अडला. हजार जण एकाच वेळी खेळणार असतील, तर महाराज कोण होणार? दोन दिवस विचार करून त्याने लिहिले: ‘कोणीही नाही. सगळे जासूद, लोहार, नालबंद, वाणी.’ मग त्याने संपत्तीचे नियम केले. शत्रू मारला की दहा होन, गड घेतला की हजार.

एका रात्री भट्टी विझल्यावर वडिलांनी वही वाचली. लढाया त्यांनी उलटून टाकल्या. होनांपाशी मात्र ते थांबले. सोनारांच्या दुकानांतील केर विकत घेऊन त्यातून गुंजभर सोने वेगळे काढणारा तो माणूस.

‘‘हे सोनं येतं कुठनं?’’

‘‘खेळ देतो.’’

‘‘आन् जातं कुठं? प्रत्येक आटणीत घट येतीच बाळा. तुझ्या राज्यात घट कुठाय?’’

मुलाला उत्तर सुचेना. हाच प्रश्न मोठमोठ्यांनाही छळून गेला होता. १९९७ साली निघालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाच्या कर्त्यांनी आरंभी जगातील साधनसंपत्ती मोजून ठेवली होती. वापरलेले पुन्हा निसर्गात परतेल, मग नवे उगवेल, असा त्यांचा हिशेब. खेळाडूंनी वस्तू साठवून ठेवल्या, चक्र अडले आणि ती योजना सोडून द्यावी लागली. उलट, प्रत्येक शिकारीला नवे नाणे मिळत राहिले आणि ते कोठेच खर्ची पडले नाही, की नाण्याला किंमत उरत नाही. म्हणून दुरुस्ती, कर, झीज यांच्या वाटा मुद्दाम ठेवाव्या लागतात.

हे शोधताना त्याच खेळातील आणखी एक नियम मुलाच्या वाचनात आला. तेथे खेळाडू आपले घर बांधतो. परंतु बराच काळ तो फिरकला नाही, तर ते घर जीर्ण होत जाते आणि अखेर कोसळते. आतले सामान मग येईल त्याचे. नियमात चूक काहीच नव्हती. जागा मोजकी, बांधणारे अनेक. तरीही त्याने वही मिटली. गेल्या यात्रेत गावच्या घराची मागची भिंत फुगलेली त्याने पाहिली होती. वडिलांनी तिच्यावरून नुसता हात फिरवला होता.

आठवड्याने त्याने होनांचे पान खोडले. तलवार झिजेल, नाल तुटेल, धान्याला कीड लागेल, असे लिहिले. त्याखाली एक नियम स्वतंत्र चौकटीत घातला: ‘मालक परमुलखात असेल, तर घर पडू नये म्हणून शेजाऱ्याने दिवा लावावा. दिवा लावणाऱ्याचे तेल खर्च होईल. त्याला मोबदला नाही.’

वडिलांनी ते पान दोनदा वाचले. ‘‘मोबदला नाही, तर लावंल कोण?’’ असे ते विचारतील, याची मुलाने तयारी ठेवली होती. त्यांनी काहीच विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, भट्टी पेटवण्याआधी, त्यांनी गावी शेजारच्या काकूंना फोन लावला आणि भिंतीची चौकशी केली. वही मात्र त्यांनी परत दिली नाही. ती हिशेबाच्या वह्यांशेजारी, फडताळात ठेवली.