चौदा एप्रिल आणि बंबवाले

१४ एप्रिलला आम्हा कारकुनांना सुट्टी, आपण सारे बाबासाहेबांच्या जयंतीत दंग. बंबवाल्यांना मात्र सुट्टी नाही. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाच्या स्फोटांत ६६ जवान गेले. त्यांना मानवंदना देऊन अग्निशमन सप्ताह सुरू होतो. पेटलेले सिलिंडर ओल्या गोणपाटाने कसे विझवावे, हे जवान लोकांना फुकट शिकवतात. आमच्या लेखी हेही दानच! वाशिमकडे तुराट्या-पऱ्हाट्या दाराशी रचणाऱ्या आपल्या वस्त्यांना त्याची गरज अधिक. म्हणून आम्ही मंडळाला सांगितले आहे : वाजंत्रीचा खर्च थोडा आवरा, जवानांना विहारासमोर बोलवा, आयाबहिणींना पुढे बसवा. आणि हो, मिरवणुकीत बंबापुरता रस्ता मोकळा ठेवा.