पेरलेलं काढताना

फौजेतून परतलेल्या माणसाला आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "किती मारले?" जव्हारच्या एसटी स्टँडवर तोच, मोखाड्याच्या बाजारात तोच, लग्नाच्या मांडवातही तोच. मी सांगतो, कुणाला मारलं नाही, जमीन उकरली. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि तो चहा मागवतो.

मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला, 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झालं आणि फौज पश्चिम सीमेला जाऊन भिडली. तेव्हा सीमेलगत लाखांनी सुरुंग पेरले गेले, तेही बऱ्याच ठिकाणी लोकांच्या चालत्या शेतांत. लढाई काही झाली नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये फौज मागे घ्यायचं ठरलं, बाकीच्यांनी तंबू गुंडाळले आणि आमचं खरं काम तिथून सुरू झालं. पेरणी महिन्यांत उरकली होती, काढायला वर्षं लागली.

आमच्या वाट्याला राजस्थान आलं. सर्वांत जास्त छळलं ते एम-14 ने. मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची डबी, आत तीसेक ग्रॅम स्फोटक. ती माणूस मारायला बनवलेलीच नाही. पाऊल न्यायचं, म्हणजे जखमीला उचलायला आणखी दोघं अडकतात, असा तिचा हिशेब. धातू नावालाच, त्यामुळे डिटेक्टर कानात कुजबुजतो आणि गप्प होतो. सुरुंगात निदान आठ ग्रॅम लोखंडाइतका सिग्नल मिळाला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे तो याचसाठी. मशीनवर भरवसा नसला की पालथं पडायचं. पांढऱ्या फितींमधली अरुंद पट्टी, हातात सळई, ती तिरकी धरून बोटा-बोटाच्या अंतरावर हलकेच टोचत जायचं. उभी टोचली तर थेट डोक्यावरच दाब. टोकाला काही टणक लागलं की हात तिथेच थांबवायचा आणि बाजूने माती काढायची. बहुतेक वेळा निघतो दगड, नाहीतर वाळकं मूळ. शंभर दगडांनंतर एकशे एकावाही तितक्याच सावकाश काढायचा, हेच या कामातलं सर्वांत अवघड.

नकाशे होते. पेरताना प्रत्येक रांगेची नोंद केलेली असते, अमुक खुणेपासून अमुक दिशेला इतक्या अंतरावर. पण रेती नकाशा वाचत नाही. एका आंधीत चार बोटांवर पुरलेला सुरुंग हातभर खाली जातो, दुसरा उघडा पडून उन्हात चमकतो. मोजून पेरलेल्यांतला एक जरी कमी भरला तरी ते सगळं शेत पुन्हा.

अशाच एका शेताचा म्हातारा मालक रोज फितीच्या पलीकडे येऊन बसायचा. त्याची बाजरी आणि गवार बुडालेली. भरपाई होती, पण त्याचा सवाल एकच, "फौजी, बारिश से पहले?" बरोबरच्या पोरांना त्याची कटकट वाटायची, मला वाटली नाही. आमच्याकडे मृगाआधी राब भाजून झाला नाही तर नागली-वरईचं पुढचं सगळं गणित चुकतं. पाऊस कुणाच्या कागदासाठी थांबत नाही.

जमीन साफ झाल्याचा कागद त्याने न वाचताच घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, तुम्ही चालून दाखवा. साहेब पुढे निघाले, मागून आम्ही खांद्याला खांदा लावून एका बांधापासून दुसऱ्यापर्यंत. म्हाताऱ्याने मान डोलावली. तरी पहिल्या नांगरटीला त्याने घरचा उंट जुंपला नाही, भाड्याने ट्रॅक्टर आणला. पाय जायचाच तर ट्रॅक्टरचा जावा! मला राग आला नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

खडकीत आम्हाला दोन नावं पाठ असायची. प्रेमिंद्र सिंग भगत, 1941, ॲबिसिनियाच्या आघाडीवर चार दिवसांत 55 मैलांच्या वाटेवरचे पंधरा सुरुंगपट्टे साफ, व्हिक्टोरिया क्रॉस. आणि कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे, एप्रिल 1948, नौशेरा-राजौरी रस्ता, परमवीर चक्र. दोघांनी फौजेला वाट करून दिली. बाजरीला वाट करून दिल्याबद्दल पदक नसतं. असावं असंही नाही, पण हिशेबात धरावं. सुरुंगबंदीच्या 1997 च्या ओटावा करारावर भारताने सही केलेली नाही. सीमा पाहून आलेल्या मला त्यामागचं कारण कळतं. मात्र पेरायचा हुकूम देणाऱ्याने एकदा तरी काढायच्या पट्टीत पालथं पडावं.

आमच्या सुरुंगांना निदान नकाशा होता. गडचिरोलीत 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या सुरुंगस्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा गाडीचालक गेले. तिथल्या सुरुंगांची यादी कुठल्या कचेरीत मिळणार?

मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा पोरगा सध्या भरतीची तयारी करतोय. धावण्यात त्याला कुणी मागे टाकणार नाही, घाट चढत-उतरतच वाढलाय. हे काम कसं असतं म्हणून विचारायला आला, तेव्हा मी त्याला अंगणात पालथं पाडलं, हातात छत्रीची काडी दिली आणि मातीत पुरलेलं बाटलीचं झाकण शोधायला लावलं. थोड्या वेळाने तो उठून बसला.

"काका, पाठ भरून आली."

"अरे, अजून वीतभरसुद्धा झालं नाही. पड परत."